दारं धरताना

माझ्या टेबलावर दोन संगणक आहेत. एक हैदराबादच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप. त्यावर मी अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं तपासते : कुणाला कोणता आजार, कुठली शस्त्रक्रिया झाली, विमा कंपनीने कोणता खर्च नामंजूर केला. दुसरा माझा स्वतःचा डेस्कटॉप. त्यावर बीदर जिल्ह्यातल्या आमच्या कमठाण्यातल्या आणि शेजारच्या गावांतल्या माणसांचे कागद असतात : शेताची पहाणी म्हणजे आमच्याकडचा सातबारा, पीकविम्याची पावती, बँकेची नोटीस, आधार कार्ड. मॉनिटर दोन, कीबोर्ड एक, माऊस एक. हे सामान दोन्ही संगणकांना वापरता यावं म्हणून मधे बसवायचा स्विच मी शोधते आहे. शोधताना पुढे आलेल्या काही प्रश्नांची उत्तरं कुठल्याही दुकानदाराकडे नाहीत. ती माझी मलाच द्यायची आहेत, आणि खरी द्यायची आहेत.

या वस्तूला केव्हीएम स्विच म्हणतात. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस यांची आद्याक्षरं. उसात दारं धरणारा माणूस जे करतो तेच तिचं काम. एका सरीचं दारं बांधायचं, दुसरीचं फोडायचं. पाट एकच, पाणी एकच, पण एका वेळी एकीकडेच जाणार. बटण दाबलं की कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर एका संगणकाकडून सुटतात आणि दुसऱ्याला लागतात. संगणक एकमेकांशी काही बोलत नाहीत. कीबोर्डदेखील फक्त कुठलं बटण दाबलं एवढंच कळवतो; त्याचं अक्षर कोणतं करायचं ते ज्या-त्या संगणकात ठरतं. भारतीय मानक ब्यूरोने 1991 साली प्रमाण ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत तर मराठीचा क आणि कन्नडचा क एकाच बटणावर आहेत. दोन्ही भाषांत रोज लिहावं लागणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाला याचं मोल कळेल. बोटांना एकदा सवय झाली की एका कीबोर्डवर दोन्ही भाषा निघतात.

दोन्ही भाषा का लागतात, तेही सांगायला हवं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, झहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आले. तेव्हापासून उदगीरकडच्या मामेभावाच्या हातात सातबारा असतो आणि इथल्या आतेभावाच्या हातात पहाणी. कर्नाटकाने 2000 सालापासून 'भूमी' योजनेत जमिनीच्या सुमारे 2 कोटी नोंदी संगणकावर आणल्या, त्या कन्नडमध्ये. राज्याची भाषा कन्नड आहे, तेव्हा हे रास्तच आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण घरात मराठी बोलणारा, शाळा लवकर सुटलेला साठीचा माणूस ती पहाणी घडी घालून खिशात ठेवतो आणि कुणाकडे तरी वाचायला आणतो. आमच्या गल्लीत तो माझ्याकडे येतो.

अर्ज भरण्याचं काम मी करत नाही. ते सरकारी सेवांच्या ग्राम वन केंद्रात होतं आणि तिथं बसणाऱ्याचं पोट त्यावर आहे. मी कागद वाचून सांगते. सर्वे नंबर तोच आहे का, क्षेत्र बरोबर आहे का, भावाचा हिस्सा आपल्या नावावर किंवा आपला भावाच्या नावावर गेला नाही ना, हे बघते. शेतात तूर उभी आहे आणि विम्याच्या पावतीवर सोयाबीन लिहिलं गेलं, तर पुढे दावा अडतो. ते आधी दिसलं तर दुरुस्तीचा अर्ज कन्नडमध्ये लिहून देते. खरिपाच्या पीकविम्यात अन्नधान्य आणि तेलबियांसाठी शेतकऱ्याचा वाटा विमा रकमेच्या 2 टक्के असतो. ज्याने ते पैसे मोजून भरले आहेत, त्याच्यासाठी त्या पावतीवरचा एक शब्दही लहान नाही.

स्विचच्या बाबतीत पहिला प्रश्न पैशांचा आला. फक्त कीबोर्ड आणि माऊस वाटून देणारा साधा यूएसबी स्विच अगदी थोडक्या पैशांत मिळतो. मॉनिटरचं तेवढं मॉनिटरच्या बटणाने बदलायचं, कारण बहुतेक मॉनिटरना दोन-तीन केबल लावता येतात. एक मॉनिटर सांभाळणारा एचडीएमआय स्विच त्याहून महाग, आणि दोन मॉनिटर, डिस्प्लेपोर्ट, वेगवान यूएसबी असं सगळं असलेला त्याच्या कित्येक पट. वाचत गेलं की हात आपोआप वरच्या मालाकडे जातो. एचडीएमआय 1.4 असेल तर फोर-के चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलतं, 2.0 असेल तर 60 वेळा. मग वाटतं, 2.0 च घ्यावा. माझे दोन्ही मॉनिटर साधे फुल एचडी आहेत. त्यांना 1.4 सुद्धा पुरून उरतो. कधीतरी पुढे मोठा मॉनिटर घेईन, ही सबब मी मनाशी तयार ठेवली होती. ती उचलून बघितली तेव्हा तिच्याखाली गरज सापडली नाही, भारी वस्तू आपल्याकडे असावी एवढीच इच्छा सापडली.

बसवकल्याण आमच्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या शरणांमध्ये, म्हणजे शिवभक्त संतांमध्ये, आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे जोडपं होऊन गेलं. सांडलेले तांदूळ वेचून आणायचे आणि त्यावर घर आणि दासोह, म्हणजे आल्यागेल्याला जेवू घालणं, चालवायचं, हा त्यांचा नेम. एके दिवशी मारय्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले, तर लक्कम्माने त्याला विचारलं की हे जास्तीचे कशाला, आणि परत टाकून यायला लावले, अशी कथा आहे. लहानपणी ही कथा मी गरिबीची म्हणून ऐकली होती. आता ती मला हिशेबाची वाटते. तांदूळ चोरीचे नव्हते, कुणाच्या ताटातून ओढलेले नव्हते. तरीही लक्कम्माला ते खुपले, कारण आजच्या कामाला ते लागत नव्हते. महागडा स्विच मी यादीतून काढला तो या बाईच्या प्रश्नामुळे.

दुसरा प्रश्न जास्त कठीण होता आणि तो यंत्राच्या एका गुणातूनच निघाला. मॉनिटर जोडला की तो संगणकाला आपली ओळख देतो : मी अमुक बनावटीचा, माझ्यावर इतके ठिपके मावतात, सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलू शकतो. ईडीआयडी नावाच्या नोंदीत ही ओळख असते. मूळ नोंद अवघी 128 बाइटांची. बटण दाबताच साधा स्विच हा संबंध तोडतो. लॅपटॉपला वाटतं, मॉनिटर कुणीतरी काढून नेले. मग त्यांच्यावर उघडलेलं सगळं तो गोळा करतो आणि स्वतःच्या छोट्या पडद्यावर आणून टाकतो. परत आल्यावर ते जागच्या जागी जाईल याची खात्री नसते. चांगला स्विच मॉनिटरची ओळख स्वतःजवळ जपतो आणि ज्याच्याकडे पाठ फिरवली आहे त्या संगणकालाही ती दाखवत राहतो. त्याला काही तुटल्याचं कळतच नाही. उघडलेलं सगळं होतं तिथंच राहतं. पैसे मोजायचे तर याच सोयीसाठी मोजा, असं जाणकार सांगतात, आणि कामाच्या दृष्टीने ते खरं आहे.

पण माझ्या टेबलाशी शेतकरी बसलेला असतो तेव्हा या दोन्ही तऱ्हांचा अर्थ काय होतो, ते मी बघितलं. साधा स्विच असेल तर कुणा रुग्णाची फाइल लॅपटॉपच्या पडद्यावर येऊन पडणार, आणि तो पडदा टेबलावर उघडाच असतो. चांगला स्विच असेल तर ती फाइल नजरेआड जाईल, पण एका बटणाच्या अंतरावर तशीच उघडी राहील. काही स्विच आपोआप बदलतात. जो संगणक जागा होईल त्याच्याकडे मॉनिटर वळवतात. म्हणजे मी पहाणी वाचून दाखवत असताना लॅपटॉप कशाने तरी जागा झाला, तर पडद्यावर पहाणीच्या जागी कुणाचा तरी कर्करोग दिसेल.

इथं मनात एक विचार येतो आणि तो मी लपवणार नाही. ती अमेरिकेतली बाई मला कधी भेटणार नाही. तिच्या आजाराचं इंग्रजी नाव कमठाण्यातल्या एखाद्या माणसाच्या नजरेला पडलं, तर त्याला ते वाचता येणार नाही आणि तिला कळणार नाही. मग बिघडलं काय? कायदा आहे म्हणून घाबरायचं का? कायदा आहेच, रुग्णाची माहिती जपण्याचा अमेरिकेचा कायदा 1996 चा, आणि आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. पण 'बिघडलं काय' या प्रश्नाला कायद्याचं उत्तर पुरत नाही, कारण तो प्रश्न पकडलं जाण्याबद्दल नाहीच. मी तो उलटा करून बघितला. माझ्या शेजारच्या काकांचा आधार क्रमांक, त्यांचं कर्ज, भावाशी चाललेला हिश्शाचा वाद हैदराबादच्या एखाद्या अनोळखी माणसाने वाचला, तर काकांना कळणार नाही आणि त्यांचं फारसं बिघडणारही नाही. तरी मला ते चालेल का? चालणार नाही. नुसत्या कल्पनेनेही मला राग येतो. मग जो राग मला काकांसाठी येतो तो त्या बाईसाठी का येत नाही? काका मला 'अक्का' म्हणतात, समोर बसतात, चहा पितात. ती बाई पडद्यावरची एक ओळ आहे. दोघांनी आपली झाकली मूठ माझ्या हाती दिली आहे, एवढं खरं. आणि माझं मन ओळखीच्या माणसाकडे झुकतं, हेही खरं. हा झुकाव मला आवडत नाही. तो जाईल की नाही सांगता येत नाही, पण वागण्यात उतरू द्यायचा की नाही, हे माझ्या हातात आहे.

म्हणून जी यादी मी करते आहे तिचा क्रम बदलला. आपोआप बदलणारा स्विच नको. ठरावीक बटण दोनदा दाबून बदलणारा, म्हणजे लिहिता लिहिता चुकून बदलू शकेल असा, असेल तर ती सोय बंद करता यायला हवी. वायरच्या टोकाला सुटं बटण असलेला हवा, म्हणजे ते मी हाताशी ठेवीन आणि मुद्दाम दाबीन. कुठला संगणक चालू आहे ते सांगणारे दिवे ठळक हवेत, कारण खरा धोका तिथंच आहे : डोळे एकीकडे, बोटं दुसरीकडे, आणि काकांचा आधार क्रमांक कंपनीच्या संदेशाच्या चौकटीत. आधारची प्रत घेते ती आता फक्त शेवटचे 4 अंक दाखवणारी घ्यायची, पूर्ण नाही. लॅपटॉपला कुलूप लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. हे कुलूप कुठलाही स्विच माझ्यासाठी लावणार नाही. ते माझं मलाच लावावं लागेल, दर वेळी, घाई असेल तेव्हाही.

स्विचशिवाय दुसरी वाटही आहे. सिनर्जी, इनपुट लीप, मायक्रोसॉफ्टचं माऊस विदाउट बॉर्डर्स अशा प्रोग्रामांनी एकच कीबोर्ड-माऊस दोन संगणकांवर चालतो. माऊस एका पडद्याच्या कडेवरून सरळ दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर जातो. खर्च कमी, सोय भरपूर. पण त्यात इकडे कॉपी केलेलं तिकडे उतरवताही येतं. मला नेमकं तेच नको आहे. शिवाय कंपनीच्या यंत्रावर असा प्रोग्राम न विचारता घालायचा नाही. स्विचचं तसं नसतं, लॅपटॉपला तो जवळजवळ साध्या कीबोर्डसारखाच दिसतो, म्हणजे विचारलं नाही तरी कळणार नाही. कळणार नाही म्हणूनच विचारायला हवं. कंपनीला लेखी विचारलं आहे आणि उत्तर येईपर्यंत पैसे खर्च करायचे नाहीत, असं ठरवलं आहे. पेन ड्राइव्ह स्विचच्या यूएसबीला कधीही लावायचा नाही, कारण तो बटणाबरोबर या संगणकावरून त्या संगणकावर जातो. प्रिंटर आणि स्कॅनर थेट डेस्कटॉपलाच राहतील. वीज गेली की डेस्कटॉप यूपीएसवर थोडा वेळ तग धरतो आणि लॅपटॉप पुढे चालत राहतो. म्हणून वेगळ्या अडॅप्टरशिवाय, संगणकाच्या यूएसबीवरच चालणारा स्विच इथं बरा.

तिसरा प्रश्न वेळेचा. तो मी सगळ्यात शेवटी घेतला, कारण तो घ्यायचा नव्हता.

माझी नोकरी सकाळी नऊ ते सहा. आजवर एका संगणकावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे टेबलाच्या मागे वाकून केबली काढायच्या, दुसऱ्या लावायच्या. ती कटकट होती म्हणून दिवसा कुणी आलं की 'संध्याकाळी या' म्हणणं सोपं जात होतं. सगळ्यांना केबली दिसत होत्या, कुणाला वाईट वाटत नव्हतं. उद्या एक बटण असेल. सकाळी अकराला कुणी रोज बुडवून दारात उभा राहील, पाच मिनिटांचं काम असेल, आणि नाही म्हणायला माझ्याजवळ केबली नसतील.

दोन नोकऱ्या लपवून करण्याबद्दल 2022 साली देशभर चर्चा झाली. विप्रोने त्यासाठी 300 जणांना काढलं. 2024 मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा देखावा करणाऱ्या डझनाहून जास्त लोकांना घरी पाठवलं. माऊस आपोआप हलता ठेवणारी छोटी यंत्रं उघड विकली जातात, स्विचच्या शोधात तीही समोर येतात. माझं तसं काही नाही, मी कुणाकडून पैसे घेत नाही, असं मी पटकन म्हणू शकते. पण काहीच घेत नाही का? तूर निघाली की घरी पिशवी येते. लग्नात पुढे बसवतात. रस्त्याने जाताना लोक थांबून बोलतात. बिलं तपासून यातलं काही मिळत नाही. तिथं मिळतो तो फक्त पगार. मला हा मान आवडतो. तो आवडण्यात पाप आहे असं मला वाटत नाही, पण कंपनीच्या वेळेतून काढून गावाला दिलेली पाच मिनिटं मी माझ्या नावावर जमा करत असेन, तर ते लक्कम्माने परत टाकायला लावलेले तांदूळ आहेत. शरणांनी कायक, म्हणजे कष्टाचं काम, आणि दासोह एकत्र सांगितले, आणि दासोह कायकातून निघायचा असतो. जे आधी आपल्या सचोटीने मिळवलं त्यातूनच द्यायचं. दुसऱ्याने विकत घेतलेल्या तासातून केलेल्या मदतीला दासोह म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मग दारातल्या माणसाचं काय? त्याचा रोज बुडालेला खरा असतो. अमेरिकेतलं बिल दुपारच्या ऐवजी संध्याकाळी तपासलं तर कुणाच्या पोटावर पाय येत नाही, हेही खरं असतं. या दोन खऱ्या गोष्टींचं मी कितीही केलं तरी एक उत्तर येत नाही. मी एवढंच करू शकते की जेवणाची सुट्टी माझी आहे, ती गावाला द्यावी, आणि ही वेळ सगळ्यांना सांगून ठेवावी. बटण आहे म्हणून वेळ आहे, असं कुणाला वाटू द्यायचं नाही, मलाही नाही.

यादीतून एक गोष्ट मी स्वतःहून कमी केली आहे. दोन्ही मॉनिटर स्विचला जोडायचे नाहीत. कंपनीच्या कामाला दोन पडदे असले की हिशेबाचे तक्ते शेजारी शेजारी ठेवता येतात, त्याने काम सुटसुटीत होतं आणि मला ते हवंही होतं. पण कागद दाखवायला आलेला माणूस माझ्या मागे उभा राहून मान वाकडी करून बघतो, आणि मी काय लिहिते ते त्याला नीट दिसत नाही. मागे कुणीतरी विचारलं होतं, "अक्का, ह्यात माझं नाव कुठं हाय?" कन्नड वाचता येत नाही, पण आपलं नाव कुठल्या ओळीत आहे, सर्वे नंबराचे आकडे कुठले, ते बोट ठेवून बघायचा त्याला हक्क आहे. कागद त्याचा आहे. म्हणून एक मॉनिटर कायमचा डेस्कटॉपला लावून त्याच्या बाजूला वळवून ठेवायचा, आणि त्याच्यावर कंपनीचं काही कधी येऊ शकेल अशी केबलच जोडायची नाही. उरलेल्या एका मॉनिटरसाठी एका पडद्याचा, ओळख जपणारा, साधा एचडीएमआय स्विच पुरे. माझं काम थोडं अडेल. अडू दे.

जुलैत विम्याची मुदत संपत येते तेव्हा मात्र जेवणाची सुट्टी पुरणार नाही. शेवटच्या दिवशी लोक दुपारी येतात, सकाळी येतात, पावती हातात पडल्या पडल्या येतात, आणि त्या दिवशी 'संध्याकाळी या' म्हणण्याला काही अर्थ नसतो. त्या दिवसाची रजा आत्ताच मागून ठेवायची, पगारी नाही मिळाली तर बिनपगारी. ती नाकारली गेली तर त्या दिवशी बटण कुठल्या बाजूला असेल, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.